गडग्यावरची ओपीडी

"सिस्टर, तुमच्या त्या मॅडमनी काल आमच्या आईंना पळवलं की हो!"

"पळवलं?"

"नाहीतर काय! खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, आजी, उठा, त्या खिडकीपर्यंत चला, वळा, परत येऊन बसा. स्वतः मोबाइलात सेकंद मोजतायत. मी म्हटलं, पंचाऐंशीच्या बाईला शर्यतीत उतरवताय की काय!"

"किती लागले?"

"एकोणीस."

"हं," सिस्टर म्हणाल्या.

हा 'हं' केईएम हॉस्पिटलचा आहे. परळला आयुष्यभर नोकरी करून सिस्टर गावी आल्या, त्याला बरीच वर्षं झाली. आता नारळ-पोफळी बघतात, मांजरांवर ओरडतात आणि दोन घरांमधल्या चिऱ्याच्या गडग्याला पलीकडून टेकून उभ्या राहतात. अलीकडून आमची ही. भात निवळतोय, आमटीला फोडणी बाकी आहे, अशा वेळी रोज ही बैठक बसते. मी ओटीवर पेपर घेऊन असतो. पेपर मी वाचत नाही असं हिचं म्हणणं. पण पान उलटल्याचा आवाज मी वेळेवर करतो, एवढं तरी कबूल व्हावं.

"तीन मीटर जाऊन यायचं असतं," सिस्टर सांगू लागल्या. "बारा सेकंदांच्या वर गेलं की म्हातारं माणूस पडेल अशी भीती धरायची. ना यंत्र, ना रक्त काढणं. खुर्ची आणि घड्याळ पुरतं. बरोबर केलं पोरीने."

ही पोर म्हणजे वाडीच्या टोकाला असलेल्या उपकेंद्रातली सीएचओ. त्या इमारतीला नावं फार. साध्या उपकेंद्राचं आधी आरोग्यवर्धिनी केंद्र झालं, २०२३ नंतर पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर आलं, आणि गाव अजून "दवाखान्यात जाऊन येतो" म्हणतं. आईला कोणीतरी पाटी वाचून दाखवली तेव्हा तिने चपला पायरीवर काढल्या आणि आत जाऊन हात जोडले. पूर्वी तिथे आरोग्य सेविका बसायची. पोरांचे डोस, गरोदर बायांची नोंद, कुटुंबनियोजन ही तिची कामं, आणि ती तिने चोख केली. पण साठी उलटलेल्या माणसाचं तिथे काही काम नसे. २०१८ साली आयुष्मान भारत योजना आली आणि उपकेंद्रावर एक समुदाय आरोग्य अधिकारी बसवायचं ठरलं. महाराष्ट्रात या जागांवर आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत. आमच्या वाट्याला आली ती बी.एस्सी. नर्सिंग झालेली, वर सहा महिन्यांचा कोर्स केलेली, लातूरकडची मुलगी. आल्या आल्या तिने आमच्या आंबोळीची तारीफ केली, सोलकढी मात्र पहिल्या घोटाला परत ठेवली. गावाने तिला तेवढ्यावर स्वीकारलं.

"अहो पण आई गेल्या होत्या चक्कर येते म्हणून," ही म्हणाली. "चक्करेची गोळी द्या आणि सोडा ना! तर नाही. आधी झोपवून बीपी घेतलं. मग उभं केलं, थोडं थांबल्या आणि परत घेतलं. झोपून १४८, उभ्याने १२०."

"अठ्ठावीसचा फरक. विसाच्या वर पडलं की समजायचं, उठताना डोक्याला रक्त कमी पडतंय. तिथेच आली चक्कर."

"तेच म्हणाल्या. आणि मग चौकशी सुरू. आजी, जेवता काय? झोप लागते का? रात्री किती वेळा उठता? न्हाणीघर घरात की बाहेर? वाटेत पायरी आहे का? दिवा लावता का? आई म्हणाल्या, दिवा कशाला, पायाखालची वाट आहे. मी म्हटलं, मॅडम, त्या लाइटबिल वाचवतात. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, आजींना सांगू दे."

हे सांगताना हिचा आवाज किंचित दुखावला. गावात आईच्या तब्येतीबद्दल बोलायचा मक्ता हिच्याकडे आहे.

"मग गोळ्या. म्हणाल्या, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून उद्या घेऊन या. मी घेऊन गेले. गाद्यांच्या दुकानाची ती मोठी पिशवी."

"बाप रे."

"त्यात तुमच्या भाऊंची पण पाकिटं होती, ती बाजूला काढली त्यांनी. आणि काय निघालं सांगू? प्राथमिक आरोग्य केंद्रातून आईंना मिळते ती बीपीची गोळी, आणि तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली दुसरी, या दोन्ही एकच! सरकारी पट्टीवर अ‍ॅम्लोडिपिन लिहिलेलं, दुसरीवर कंपनीचं नाव. मी आपली दोन्ही देतेय. एक सरकारी, एक खासगी, दोघांचा मान राखायला."

सिस्टर हसल्या नाहीत. "हे केईएमला मी इतक्या वेळा बघितलंय. माणूस दाखल होतो तेव्हा कागदावर एक औषध असतं, उशाखाली चार. कागद बघून कळत नाही, पिशवी बघून कळतं."

"आणि ती लघवीची गोळी."

"ती कधी घेतात आई?"

"रात्री. जेवणाबरोबर."

"रात्री!"

"मग काय करतील? सकाळी पूजा होईपर्यंत तोंडात पाणी घालत नाहीत. डॉक्टर म्हणाले होते, दिवसातून एकदा. आईंनी आपली रात्रीची वेळ धरली. मॅडमनी ते ऐकून घेतलं. मला वाटलं, आता म्हणणार पूजा सोडा, नाहीतर गोळी आधी घ्या. तर विचारतात कसं, आजी, पूजा किती वाजता आटपते? आई म्हणाल्या, नवाला नैवेद्य. मॅडम म्हणाल्या, मग नऊ वाजता, नैवेद्य झाला की. पण थांबा, मी आधी मेडिकल ऑफिसरना विचारते. आमच्यासमोर फोन लावला, बीपीचे आकडे सांगितले, दोन गोळ्यांचं सांगितलं. त्यांनी बीपीच्या दोन्हींतली एक बंद केली, लघवीची सकाळी आणली आणि आठवड्याने केंद्रावर आणा म्हणाले."

"म्हणजे स्वतःच्या मनाने नाही बदललं काही. शहाणी आहे. औषध ठरवायचं ते डॉक्टरने. पण ठरवायला लागणारं सगळं त्याच्या हातात कोणी द्यायचं? डॉक्टरला पूजेची वेळ कुठून कळणार?"

इथे सिस्टरनी नारळाची झावळी बाजूला केली आणि त्यांना शिकवणीची लहर आली. आम्हाला व्हर्जिनिया हेंडरसन पाठ करायला लावायचे, म्हणाल्या. अमेरिकेतली नर्स. माणसाच्या चौदा गरजा तिने मांडून ठेवल्या. श्वास, खाणंपिणं, शौच, हालचाल, झोप, कपडे, अंगाची ऊब, स्वच्छता, धोक्यापासून बचाव, इथपर्यंत कोणीही सांगेल. पण दहावी गरज आपलं मन बोलून दाखवण्याची, अकरावी आपल्या श्रद्धेप्रमाणे वागण्याची, मग काम, मग खेळ-करमणूक आणि चौदावी नवीन काही शिकण्याची. परीक्षेत चौदाच्या चौदा लिहिल्या की मार्क मिळायचे. वॉर्डात पहिल्या नवांतच ड्यूटी संपायची.

"म्हणजे तुम्ही नाही विचारायचात हे सगळं?"

"कोणत्या वेळेत विचारणार होते वहिनी? खाटा भरलेल्या, जमिनीवर गाद्या टाकलेल्या, इंजेक्शनचा ट्रे हातात. कळायचं मात्र. कोणाला भेटायला कोणी येत नाही, कोण जेवण तसंच ठेवतो, कोणाची बायको फक्त पगाराच्या दिवशी येते, सगळं दिसायचं. केसपेपरवर ते लिहायला जागा नसायची. या पोरीला जागा दिलीय एवढाच फरक."

मला यात वाद घालायचा होता. जागा दिली म्हणून सगळ्याच जणी भरतात असं नाही. पण पेपर वाचणाऱ्या माणसाने मध्ये बोलू नये, हा ओटीचा नियम.

"आणि तुमचं काय झालं?" सिस्टरनी विचारलं. "तुम्ही पण दाखवलंत ना?"

"मी कशाला दाखवतेय! मी आईंबरोबर गेले होते. तर म्हणाल्या, आल्याच आहात तर बसा. बसले. म्हणाल्या, पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, पाय जमिनीला, पायावर पाय नको, आणि बोलू नका."

"आणि बसलात?"

"बसले म्हणजे काय! भिंतीवरचे तक्ते वाचले सगळे. मग पट्टा गुंडाळला. त्याच्या आदल्या दिवशी मी खालच्या वाडीतल्या त्या बाईला तिथून बाहेर पडताना बघितलं होतं, पाऊण तास आत होती. म्हणून सहज विचारलं, मॅडम, तिला काय झालंय हो? तर हसल्या आणि म्हणाल्या, बीपी घेताना बोललं की आकडा वाढतो."

"खरंच वाढतो."

"ते मला नाही माहीत? पण पट्टा काढल्यावर परत विचारलं, तर म्हणाल्या, तुमच्याकडे मिठाचा किलोचा पुडा किती दिवस पुरतो?"

सिस्टर आता गडग्यावर दोन्ही हात ठेवून हसत होत्या. हिला त्यात विनोद दिसत नव्हता. तिच्या दृष्टीने हा सरळसरळ शेजारधर्माचा अपमान होता. बाई आपल्याला सगळं विचारते, घरात कोण कोण, चूल की गॅस, मिश्री लावता का, मुलगा फोन करतो का, आणि आपण एक प्रश्न विचारला तर मीठ काढते!

मिठाचं मात्र लागलं. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट चमचाभर, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिघांच्या घरात किलोचा पुडा दोन महिन्यांच्या वर पुरायला हवा. आमच्याकडे महिन्याला संपतो. ही म्हणाली, त्यात लोणचं येतं, मासळीला लावायचं येतं. मॅडमनी तेही वहीत लिहिलं, आणि सुकटीबद्दल वेगळं विचारलं. कोकणातल्या बाईला सुकी मासळी बंद करा सांगितलं तर ती ते कानावरून जाऊ देईल, हे लातूरच्या मुलीला कोणी शिकवलं कोण जाणे. तिने बंद करा म्हटलंच नाही. पाण्यात भिजत घाला, पाणी फेका, मग करा, आणि त्या दिवशी लोणचं ताटात नको.

मग गडग्यावरचा आवाज एकदम खाली गेला. आवाज खाली गेला की माझा पेपरही खाली येतो. मला नीट ऐकू आलं ते एकच, "व्हिनेगर". मला वाटलं, लोणच्याचंच पुढे चाललंय, व्हिनेगर घालून मीठ वाचवायची काहीतरी युक्ती. मी खाकरून म्हटलं, आईला व्हिनेगर चालणार नाही, दात आंबतात.

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

"भाऊ," सिस्टर म्हणाल्या, "लोणच्याचं नाही चाललेलं. आता ऐकलंच आहे तर पूर्ण ऐका. गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी. व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड पातळ करून लावतात आणि मिनिटभर थांबतात. जिथे पेशी बिघडू लागल्या असतील तो भाग पांढरा दिसतो. तिशीपासून पासष्टीपर्यंतच्या बायकांनी करून घ्यायची. लाजायचं काही नाही त्यात, तुम्हीसुद्धा नाही."

मी पेपर वर घेतला. पण सिस्टरना आता परळ आठवलं होतं, त्या थांबणार नव्हत्या. केईएमपासून हाकेच्या अंतरावर टाटा हॉस्पिटल. तिथल्या मंडळींनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. तपासणारे डॉक्टर नव्हते. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका घेतल्या, चार आठवडे शिकवलं, आणि त्यांनी दर दोन वर्षांनी वस्तीत जाऊन हीच तपासणी केली. ज्या भागात तपासणी झाली तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले. २०१३ साली अमेरिकेत कॅन्सरच्या सगळ्यात मोठ्या परिषदेत डॉ. सुरेंद्र शास्त्रींनी तो निकाल मांडला.

"तपासणी सोपीच आहे," सिस्टर म्हणाल्या. "अवघड काय, तर बाईने टेबलावर झोपायला तयार होणं. ते विश्वासावर होतं. आमच्या वेळी जामखेडचं नाव ऐकायचो. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० साली तिथे गेले आणि गावातल्याच बायका तयार केल्या, कित्येकींना अक्षरओळख नव्हती. पुढे १९७९ ला त्या दोघांना मॅगसेसे मिळालं. त्या बायकांना घराघरातलं माहीत असायचं, त्याचाच उपयोग झाला."

"घराघरातलं तर मला पण माहीत असतं," ही म्हणाली.

"असतं ना. म्हणून तर म्हणते."

"काय म्हणता?"

सिस्टरनी जरा विचार केला. मग त्यांनी फ्लॉरेन्स नाइटिंगेल काढली. दिव्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक, म्हणाल्या, पण तिच्या १८६० च्या सुमाराच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात एक आख्खं प्रकरण भेटायला येणाऱ्यांवर आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून "होईल हो बरं" म्हणणारे, आपल्याला ठाऊक नसलेल्या आजारावर सल्ला देणारे, अमक्याने हे घेतलं आणि तमका त्याने बरा झाला सांगणारे. त्यांनी आजाऱ्याला किती शिणवटा येतो ते तिने तिथे बजावून लिहिलंय.

"म्हणजे आम्ही!"

"तुम्ही एकट्या नाही वहिनी, सगळा गाव. मीसुद्धा आता रिटायर झाल्यावर."

हिला राग आला होता, पण गडगा सोडून जाण्याइतका नाही. तिने विषय फिरवून प्रतिहल्ला केला. एवढं सगळं विचारायचं म्हणजे पाऊण पाऊण तास जातो. बाहेर माणसं ताटकळतात. तालुक्याचे डॉक्टर बघा, आपण वाक्य पुरं करायच्या आत चिठ्ठी लिहून होते. याला म्हणतात हात!

मला आता राहवेना. मी ओटीवरून सांगितलं की डॉक्टर एका रोग्याला किती वेळ देतात याचा सदुसष्ट देशांचा हिशेब २०१७ साली छापून आला होता. स्वीडनमध्ये बावीस मिनिटांच्या वर, बांगलादेशात अठ्ठेचाळीस सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास.

"बघा, बांगलादेशापेक्षा बरे," ही म्हणाली.

सिस्टरनी त्यावर इंग्लंडातल्या भाचीचा दाखला दिला. ती तिकडे डॉक्टरांच्या दवाखान्यात दम्याचं क्लिनिक चालवते. रोगी तिच्याकडे येतो, फुंकर मारून घेते, पंप कसा ओढतो ते करून दाखवायला लावते, घरात ओल आहे का, मांजर आहे का विचारते, आणि अडलं तरच डॉक्टरला बोलावते. तिनेच पाठवलं होतं वाचायला. कोक्रेन म्हणून संस्था आहे, तिने २०१८ साली अठरा चाचण्या एकत्र करून बघितल्या. पहिल्या पायरीच्या उपचारात डॉक्टरच्या जागी नर्स असली तर रोग्यांचं कसं होतं? तर तितकंच चांगलं, काही बाबतीत थोडं अधिक चांगलं. रोगी जरा जास्त समाधानी. वेळ मात्र नर्सकडे जास्त लागतो.

"मग तेच मी म्हणतेय! वेळ लागतो!"

"वेळ हेच औषध असतं कधीकधी. पण तुमचं अर्धं खरं आहे वहिनी. या पोरीकडे तो वेळ कोण राहू देतंय? डोंगराळ भाग म्हणून तीन हजार लोकांना एक उपकेंद्र, सपाटीवर पाच हजारांना. तपासून झालं की रजिस्टर, रजिस्टर झालं की टॅब, टॅबला रेंज नाही म्हणून फणसाखाली जाऊन उभी राहते. नोकरी कंत्राटी. पगाराचा एक भाग किती काम झालं त्यावर. आता पाऊण तास बसून एका बाईचं ऐकलं, हे कोणत्या रकान्यात मोजणार?"

यावर ही गप्प झाली. क्वचित होतं. मग सुपारीची साल नखाने सोलत म्हणाली, "मला पण विचारलं त्यांनी. बीपी झाल्यावर. गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, उदास वाटतं, असं झालं का?"

"आशा सेविकेच्या फॉर्ममध्ये पण आहेत ते दोन प्रश्न. मग?"

"मग काय, सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"तुमच्या त्या पाणंदीकडच्या माडाला यंदा नारळ कमी धरलेत की हो," ही म्हणाली.

सिस्टरनी माडाकडे बघितलं, म्हणाल्या, पाऊस उशिरा झाला. दोघी थोडा वेळ माडाबद्दल बोलल्या. मुलगा पुण्याला गेला त्याला आता बराच काळ झाला. फोन रविवारी येतो, तो मी उचलतो, आणि हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. हिच्या हातात फोन देईपर्यंत त्याची मीटिंग सुरू झालेली असते. या गोष्टीचा आरोग्याशी संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. उपकेंद्रातल्या त्या पाऊण तासात हिने काय सांगितलं ते मला माहीत नाही. गडग्यावर ते आलं नाही, म्हणजे कुठेच येणार नाही.

पान उलटलं. तेच पान होतं.

"आणि भाऊंचं काय?" सिस्टरचा आवाज अचानक ओटीच्या दिशेने आला.

"यांचं काय विचारता! आशा आली होती फॉर्म भरायला, तिला यांनी कमर किती सांगितली ठाऊक आहे? नव्वद! पुरुषाला नव्वदपर्यंत शून्य गुण, हे यांनी तिच्या हातातल्या कागदावर आधी वाचून घेतलं."

"मोजली नाही?"

"मोजू देतील तर ना. म्हणाले, पँटचा नंबरच तो आहे. पँट कुठे घालतात ते तुम्ही बघताच आहात, पोटाच्या खाली. मी शिवणाच्या टेपने मोजली झोपेत. अठ्ठ्याण्णव."

"झोपेत मोजलेली धरत नाहीत," मी म्हटलं.

"उभ्याने एकशे दोन भरेल," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी मला नुसतं बघून मापलं होतं, चिऱ्याच्या गडग्यापलीकडून, चष्मा नसताना. "शंभराच्या वर गेलं की दोन गुण. तंबाखू?"

"कधीमधी," मी म्हटलं.

"रोज," ही म्हणाली.

"घरात कोणाला बीपी?"

"आईला. तुम्हाला माहीतच आहे."

"वय आहेच. चाराच्या वर गेलात भाऊ, केव्हाच गेलात. फॉर्मवर चाराच्या वर आलं की आशा तुम्हाला केंद्रात आणून बसवणार. तंबाखू आहे म्हणजे तोंड पण बघतील, त्यात लपवायचं काही नसतं. तोंड पूर्ण उघडतं ना? तिखट लागतं का गालाला?"

मी तोंड उघडून दाखवलं नाही. ओटी ही तशी सार्वजनिक जागा आहे. समोरून बोंबीलवाली जात होती, तिचं टोपलीपेक्षा इकडेच जास्त लक्ष होतं.

"आणि रात्री किती वेळा उठता?" सिस्टरनी विचारलं. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत पोचायचा तो आवाज.

बोंबीलवाली थांबली. ही तर गडग्यावरून कधीच माझ्याकडे वळली होती. पेपर घडी करून मी चष्मा काढला.

"ते मी केंद्रावर जाऊन मॅडमना सांगेन," मी म्हटलं.

"जा की. सोमवारी जा," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, पण," ही म्हणाली, "त्या मला काही सांगत नाहीत!"